निरोप कोणी धाडला?

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी मी प्रवचनात पोप फ्रान्सिस यांच्या नावाचा एक उतारा वाचून दाखविला. उपवास केवळ पोटाचा नसतो, तो जिभेचाही असतो, अशा आशयाचा तो मजकूर होता. भाषा मधुर आणि विचार निर्दोष. एका स्नेह्याने तो माझ्या मोबाईलवर पाठविला होता आणि त्याच रात्री मी तो टिपणवहीत उतरवून घेतला होता. मिस्सा संपल्यावर बारावीत शिकणारी एक मुलगी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. “फादर, पोपसाहेबांचे हे कोणत्या पत्रात आहे? मला युवक मेळाव्यात वाचायचे आहे.” मी म्हणालो, “शोधून देतो.” आठवडाभर शोधले. त्यांच्या अधिकृत लेखनात आणि भाषणांत तो उतारा मला कोठेही आढळला नाही.

पुढच्या रविवारी मी वेदीवरून तशी कबुली दिली. त्यावर काय उत्तर मिळाले ते लेखाच्या शेवटी सांगेन. त्या प्रसंगापासून मात्र एक विचार मनात घर करून बसला आहे. आपल्या या त्रैमासिकात आपण कवितासंग्रहांची परीक्षणे करतो, कथेतील पात्रांच्या मानसिकतेची चर्चा करतो. परंतु आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांत आज सर्वाधिक वाचला जाणारा मजकूर कवितेचाही नाही आणि कथेचाही नाही. तो मोबाईलवर येतो, वाचून होताच पुढे जातो आणि विस्मरणात बुडतो. काहींनी त्याला ‘ढकलपत्र’ असे समर्पक नाव दिले आहे. समीक्षकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. ख्रिस्ती वाचकाने तरी ते पाहावे, आणि अगोदर एक मजकूर म्हणूनच पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

साहित्यप्रकार म्हणून ढकलपत्राची काही लक्षणे ठळक आहेत. त्याला लेखक नसतो. असलाच तर तो उसना असतो: पोप महोदय, मदर तेरेसा, डॉ. अब्दुल कलाम किंवा एखादा अनाम ‘मोठा डॉक्टर’. त्याला तारीख नसते, त्यात नेहमीचाच ‘आज’ असतो. पाच वर्षांपूर्वीची घटना आज सकाळी घडल्यासारखी त्यात वावरते. स्थळ असते, पण एका राज्यातले चित्र दुसऱ्या राज्यातल्या बातमीवर चिकटविलेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्याचा शेवट. कथेचा शेवट वाचकाला विचारात टाकतो, ढकलपत्राचा शेवट त्याला कामाला लावतो: जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा! वाचक नीट वाचक होण्यापूर्वीच वितरक होऊन बसतो. या प्रकाराचे सारे सामर्थ्य या घाईत आहे. विचाराला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते देतच नाही.

याचे पूर्वज आपल्या ओळखीचे आहेत. माझ्या लहानपणी संतोषीमातेच्या नावाची पोस्टकार्डे येत आणि आपल्या लोकांत संत ज्यूड यांच्या नावाची. अमुक इतक्या जणांना लिहाल तर लाभ, न लिहाल तर हानी. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला ती फाडून टाकण्यास सांगितले जाई, कारण देवाची कृपा पोस्टाच्या तिकिटावर अवलंबून आहे असे मानणे हा पहिल्या आज्ञेचा भंग होय. आज तीच पवित्र मरियेची तसबीर अकरा जणांना पाठवा म्हणून येते आणि शिकलेली माणसेही ती पाठवितात. न पाठविण्याचा धीर होत नाही म्हणून पाठवितात. या भीतीला भक्ती म्हणणे मला जमत नाही.

परंतु येथवर जे सांगितले ते किरकोळ आहे. या प्रकाराची खरी किंमत दुसरीकडे मोजली गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे निरोप त्या काळात मोबाईलवरून सर्वदूर पसरले होते. गावाला या अनोळखी माणसांचा संशय आला, ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना कोंडले आणि तेथेच मारले. तो रविवार होता, बाजाराचा दिवस होता. आपण त्या वेळी कदाचित मिस्सेहून परतून जेवायला बसलो असू.

धुळे दूर आहे असे म्हणून हे बाजूला सारता येत नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यातही भटक्यांची पाले गावाबाहेर पडतात. बहुरूपी, वैदू, गोसावी दारी येतात. पोहरादेवीच्या यात्रेला तर अनोळखी चेहऱ्यांचा पूरच लोटतो. त्याच उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्यांचा तो निरोप आमच्या धर्मग्रामाच्या गटावरही आला होता. पाठविणारा कोणी दुष्ट मनुष्य नव्हता. आपल्या लेकरांच्या काळजीने व्याकूळ झालेला एक बाप होता. मी तो निरोप पाहिला आणि काहीही न बोलता पुढच्या निरोपाकडे वळलो. राईनपाड्याची बातमी वाचली त्या दिवशी मला आठवले ते हेच.

योगायोग असा की दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षीच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी खोट्या बातम्या हाच विषय घेतला होता. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या सणाच्या दिवशी, २४ जानेवारी २०१८ रोजी, तो प्रसिद्ध झाला होता. राईनपाड्याच्या आधी पाच महिने! आपल्यापैकी किती धर्मगुरूंनी तो वेदीवरून वाचला? मी वाचला नव्हता. त्यात पोप महोदयांनी खोट्या बातमीचे मूळ उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, सर्पाच्या बोलण्यात दाखविले आहे. पुन्हा तो अध्याय उघडून सर्पाचा पहिला प्रश्न पाहा. देवाने एकाच झाडाचे फळ वर्ज्य केले होते. सर्प मात्र बागेतल्या कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका असे देव म्हणाला काय, असे विचारतो. निखळ खोटे बोलण्याचे तो टाळतो. खऱ्याचा एक कण घेतो, तो फुगवितो आणि प्रश्नाच्या रूपात पुढे करतो. हव्वा त्याची चूक दुरुस्त करते खरी, पण उत्तर देता देता फळाला स्पर्शही करू नका ही आज्ञेत नसलेली गोष्ट स्वतःच जोडते. शंका आणि भर, दोन्ही एकाच संभाषणात! समीक्षेच्या दृष्टीने ढकलपत्राचा याहून जुना आणि याहून नेमका नमुना मला ठाऊक नाही.

ज्यांच्या सणाच्या दिवशी तो संदेश निघाला ते संत फ्रान्सिस डी सेल्स पत्रकारांचे आश्रयदाते संत. शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकावयास येईनात, तेव्हा ते पत्रके लिहून लोकांच्या दाराखालून सरकवीत. तेव्हा निरोप घरोघर पोहोचविण्यात काही गैर नाही. मात्र त्या पत्रकांमागे ते स्वतः उभे होते. उलट प्रश्न आला तर उत्तर द्यावयास त्याच गावात होते.

मग श्रद्धेने आपल्याला या बाबतीत मार्ग कसा दाखवावा? आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात एक सोपे उत्तर फार काळ प्रचलित होते. ते म्हणजे मनाई. निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ पासून थेट १९६६ पर्यंत, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात होती. मधल्या काळात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांवरील आदेशपत्र मंजूर केले. ते परिषदेच्या उत्तम दस्तऐवजांत गणले जात नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. त्याचा सूर काहीसा शाळामास्तरी आहे. परंतु वाचक, प्रेक्षक आणि श्रोता यांची निवड ही त्यांची स्वतःची, मोकळी निवड आहे आणि म्हणूनच ती त्यांची जबाबदारी आहे, ही गोष्ट त्यात स्पष्टपणे येते. तीन वर्षांनी सूचीचे बंधन गेले. जबाबदारी मात्र घराघरात येऊन बसली आणि ती पेलण्याचे शिक्षण आपण फारसे कोणाला दिले नाही.

मनाईचे काय होते हे पाहण्यासाठी मराठी ख्रिस्ती माणसाला रोमला जाण्याची गरज नाही. ‘क्रिस्तपुराण’ उघडले तरी पुरे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांची पुढची चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत गेली आणि १६१९ मध्ये ते वारले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री गुरूंना विचारतो की तुम्ही आम्हांला धर्मतत्त्वे शिकविता हे चांगलेच आहे, परंतु आमची पूर्वीची पुराणे तर वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढचा सारा ग्रंथ उभा राहतो.

आपल्या गौरवग्रंथांतून आणि भाषणांतून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो, पण त्यातली बोच कोणी सांगत नाही. त्या माणसाच्या पोथ्या आपखुशीने सुटलेल्या नव्हत्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात देशी धर्मग्रंथ बाळगण्यावर बंदी आली, पोथ्या हुडकून नष्ट करण्यात आल्या. ‘क्रिस्तपुराणा’चा जन्म या रिकाम्या केलेल्या फळीवर झाला आहे. हे लपवून त्या ग्रंथाचा अभिमान बाळगणे म्हणजे पुन्हा अर्धसत्यच. पूर्वीच्या देवदेवतांविषयी त्यात कठोर उल्लेख आहेत, तेही आजच्या वाचकाने डोळे झाकून ओलांडू नयेत.

आणि तरीही, ज्या सत्तेने पोथ्या नष्ट केल्या त्या सत्तेच्या छायेत राहूनच या एका धर्मगुरूने मराठी भक्तिपरंपरेची ओवी कानात मुरवून घेतली. परमेश्वराच्या धामाला तो वैकुंठ म्हणतो. मराठी भाषेचे कौतुक करताना त्याची वाणी खुलते. संत बेझिल यांनी चौथ्या शतकात तरुणांना मूर्तिपूजकांचे साहित्य कसे वाचावे हे सांगताना मधमाशीचा दाखला दिला होता: ती सर्व फुलांवर बसत नाही आणि ज्यावर बसते ते सारेच्या सारे उचलून आणीत नाही. स्टीफन्स मला त्या मधमाशीच्या जातीचे वाटतात. त्या ब्राह्मणाचा प्रश्न त्यांना उद्धट वाटला नाही. माणसाचे वाचन काढून घेतले की तेथे पोकळी राहते आणि ती भरण्याचे काम काढून घेणाऱ्यावर येते, हे त्यांनी ओळखले. त्या कामाचा पुरावा म्हणजे ते अकरा हजार ओव्यांचे पुराण.

येथे मला आमच्या वाशीमचीच एक जुनी कथा आठवते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितले आहे की सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडला. त्याला परत कसे आणावे? गौरीने विचार केला की प्राण्यांना प्रेमासारखे दुसरे बंधन नाही, आणि तिने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्या मागे पाठविली. देशोदेशी ती त्याच्यामागे गेली आणि अखेर विदर्भात, वत्सगुल्म नगरीत, त्याचे मन वळून त्यांचा विवाह झाला. धर्मगुरूने ही कथा सांगावी काय, असे कोणी विचारील. मी सांगतो, कारण मोबाईल हिसकावून घेणाऱ्या आईबापांना ती मला सांगाविशी वाटते. रुसलेल्या मुलाला कोणी साखळीने बांधून आणले नाही. त्याच्या मागे काहीतरी सुंदर पाठविले गेले.

तर आपण आपल्या मुलांच्या मागे काय पाठवितो? या प्रश्नावर आपल्याच साहित्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे परंपरा नाही असे नाही. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये नगर जिल्ह्यातील केंदळ येथे मासिक सुरू केले तेव्हा त्याला ‘निरोप्या’ हे किती नेमके नाव दिले! निरोप आणणाऱ्याला नाव आहे, गाव आहे, तोंड आहे. परंतु आज आपल्या पानांतून जे येते त्यातले पुष्कळसे, माझे लेखही त्यात आले, आधीच ठरलेल्या बोधाभोवती गुंडाळलेले असते. तिसऱ्या पानावर दारुडा सुधारणार हे वाचकाला पहिल्याच पानावर कळते. आपल्या संतांना कधी राग येत नाही आणि आपल्या कथांतील नास्तिकाला कधी एकही चांगला मुद्दा सुचत नाही. अशा वाचनावर वाढलेल्या मनाला परीक्षेची सवय कोठून लागणार? वाचण्यापूर्वीच मान डोलावण्याची सवय आपणच लावतो आणि मग ढकलपत्रालाही लोक मान डोलावतात याचे आश्चर्य करतो.

याला उतारा म्हणून मी एकच पुस्तक सुचवीन: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. त्याने काही बिघडत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईवर आकाश कोसळले होते. सोवळेओवळे तिच्या हाडीमाशी खिळलेले. ते कसे सुटत गेले, कोणत्या विचाराने सुटले आणि सुटल्यावरही कोठे कोठे चिकटून राहिले, हे ती स्वतःलाच हसत सांगते. मनाची वळणे श्रद्धेने कशी बदलतात याचे याहून प्रामाणिक चित्र मराठी ख्रिस्ती साहित्यात मला दुसरे दिसत नाही. ती एका झटक्यात शुद्ध होत नाही, शेजाऱ्याला मूर्ख ठरवीत नाही आणि नवऱ्याचे देव्हारेही माजवीत नाही. जी मुलगी हे पुस्तक रस घेऊन वाचील तिला मोबाईलवरच्या भडक मजकुरातला खोटा सूर आपोआप खटकेल. स्वतःच्या घरी दळलेले तिखट वापरणाऱ्या बाईला बाजारातल्या तिखटातली विटकरीची भुकटी कोणी शिकवावी लागत नाही.

एक बाब राहिली आणि ती आपल्याला सर्वांत अवघड जाते. २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते केवळ ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. ज्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीच्या पदरात घातले, पर्यावरणासाठी वसईत लढा दिला, त्यांच्याविषयी नाही नाही ते निरोप फिरले. आपण दुखावलो आणि ते योग्यच होते. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा त्या आठवणीने पुन्हा मन कडू झाले. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका समाजाविषयीचा तसाच अनामिक मजकूर आपल्याच माणसांच्या मोबाईलवर मी पाहिला आहे, आणि तो “खरंच असेल” असे म्हणत पुढे गेल्याचेही पाहिले आहे. येथे श्रद्धेची कसोटी लागते. आपल्याविषयीच्या खोट्याला जो माप लावतो तोच माप आपल्याला आवडणाऱ्या खोट्याला लावण्याची तयारी आहे काय?

संत इग्नाशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभीच एक पूर्वअट घातली आहे: दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्य तो चांगला अर्थ घ्यावा, तसा घेता येत नसेल तर त्यालाच विचारावे, चूक असेल तर प्रेमाने सुधारावे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आठव्या आज्ञेच्या विवरणात ती मुद्दाम उद्धृत केली आहे. त्याच्या शेजारी तीन पापांची नावे येतात: पुराव्यावाचून दोषी धरणे, कारणावाचून खरा दोष चव्हाट्यावर मांडणे आणि खोटा आळ घेणे. इतकी वर्षे मी पापनिवेदन ऐकतो आहे. रागाची, मत्सराची, चुकलेल्या रविवारच्या मिस्सेची कबुली पुष्कळ येते. मोबाईलवरून आंधळेपणाने पुढे ढकललेल्या निरोपाची कबुली मी अद्याप ऐकली नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. आठवी आज्ञा त्यापूर्वी तीन हजार वर्षे उपलब्ध होती.

लूकने शुभवर्तमानाच्या प्रारंभी, आपण प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपासून आलेले सर्व आरंभापासून बारकाईने तपासले आणि क्रमाने लिहीत आहोत असे थियफिलाला सांगितले आहे. नाताळात वाचन करताना तो भाग आपण वगळतो, कारण त्यात देवदूत नाहीत आणि गोठाही नाही. परंतु ज्या निरोपावर जगाचे तारण अवलंबून होते तो निरोपही या माणसाने तपासूनच पुढे दिला. आणि त्याच शुभवर्तमानात गोठ्याजवळ दोन प्रकारचे ऐकणारे आहेत. मेंढपाळ जे पाहिले ते सांगत सुटतात. त्यांनी तरी स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून मग सांगितले. पवित्र मरिया मात्र ते सारे अंतःकरणात ठेवून त्यावर मनन करीत राहते. रोज जपमाळ करणाऱ्या आपल्या घरांत तिच्या या मौनाकडे कोणाचे लक्ष जात नाही. वाचक म्हणून ती मला सर्वांत जवळची वाटते.

आता ते उत्तर. मी वेदीवरून माझी चूक सांगितली त्या रविवारी मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध आजी काठी टेकत माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “फादर, ते पोपसाहेबानं म्हटलं नसन, पण गोष्ट तं चांगलीच होती न? मंग काहून मागं घेतली?”

मी म्हणालो, “आजी, गोष्ट चांगली होती. पण माझ्या नावावर सांगायची हिंमत मला झाली असती काय?”

त्या थोडा वेळ विचार करीत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या नावावर सांगितली असती तं आम्ही ऐकलीच नसती,” आणि हसत हसत पायऱ्या उतरल्या.